बनुआक्कानं च्या सोडला त्याची गोष्ट

…न्हाई गं, तसं नव्हं. च्याचं आधी, लढाईचं मागनं. तू मधीच पेन उचलतीस आन माझं डोस्कं फिरतं. शिवांजली, आज्जीजवळ बस हितं. मी बोलते तसं लिव, तुझ्या शाळेतल्यासारखं गुळगुळीत करू नको. आन हसू नको, हसलीस की तुझं अक्षर वाकडं येतं.

तर बनुआक्का. माझी थोरली जाऊ. लिव, बनुबाई, माणदेशातली, मेंढरंवाली. आता मेंढरं न्हाईत, दोन शेरडं हायत आन बाजरीचं रान हाय, पर चालणं अजून मेंढरामागचंच. उभी ऱ्हायली की एका पायावर भार देती, काठी असू दे नसू दे.

ह्या बाईला च्या किती आवडायचा म्हणून सांगू! आमी तवा मेंढरं घिऊन खाली कराडाकडं उतरायचो. घोड्यावर सगळा परपंच बांधलेला. कोंबड्या, लेकरं, करडं, भांडी. आन सगळ्याच्या वर, देवाच्या आदी, आक्काची च्याची किटली. केरबा, म्हंजे तुझा केरबाकाका, तिकडंच एका उसाच्या फडाच्या कडंला जलमला. सुईण म्हणली, "बाई, पोरगं झालंय, बघ तरी." तर ही काय म्हणती? "बघते की, कुठं जातंय त्ये. आदी च्या ठेवा."

बशीतनं प्यायची. फुर्रर्र! आवाज माझ्या अंगणात यायचा. माझी मेलेली सासू म्हणायची, बनीचा च्या म्हंजे गावाचा भोंगा.

आता लढाई. ते तुला म्हाईत हाय, पर वाचणाऱ्याला सांगाय पायजे. एक मोठा देश आन त्याच्या शेजारी एक बारका, युक्रेन. मोठा रशिया. शिवरातीच्या आदी मोठ्यानं बारक्यावर फौज घातली. आपल्या हितं घरोघरी एक फौजी, त्यामुळं सगळं गाव टीव्हीला चिकटलेलं. आमी बी बसलो केरबाच्या घरात. टीव्हीवर एक कोटवाला नरडं ताणून वरडत हुता. आक्का म्हणली, "ह्यो असा का वरडतोय रं केरबा? मेंढरं हाकतोय का काय?"

तेवढ्यात दाखवलं. एक पूल मोडलेला. खाली पाणी. फळ्या टाकलेल्या, आन लोकं एकमेकाला धरून पलीकडं चाललेली, बोचकी घिऊन, लेकरं घिऊन. त्यात एक म्हातारी. डोक्याला फडकं बांधलेलं, अगदी आपल्यावाणी. हातात दावं, दाव्याला शेरडू. पांढरं, कानावर काळा ठिपका. आन ते शेरडू काय फळीवर पाय टाकंना! म्हातारी वढतीय, ते मागं सरतंय. मागनं लोकं ढकलत्यात. आक्का टीव्हीला सांगाय लागली, "आगं वढू नको! मागनं शेपटी पिरगळ! न्हाईतर उचल, पोटाखाली हात घाल!" आन काय झालं? चित्र गेलं. साबणाची जाहिरात आली.

आक्का ताडकन उठली. देवळीत बिरोबाचा भंडारा असतोय न्हवं, त्या हळदीच्या वाटीला हात लावला आन म्हणली, "बिरोबा, ही लढाई थांबंस्तवर मी च्या तोंडाला लावायची न्हाई."

केरबाच आदी बोलला. "आये, टीव्हीवाला म्हणतोय तीन-चार दिवसांत निकाल लागतोय. निघतील तेवढं दिस."

"तेच की," आक्का म्हणली. "तीन-चार दिस काय, उपास केल्यावाणी."

हस आता. हस! म्या बी हसले हुते. तीन-चार दिस! शिमगा गेला. पाडवा गेला. बेंदूर गेला, दसरा गेला. दुसरा शिमगा आला. लढाई आपली चालूच.

पयल्या आठवड्यात तर तिनं सगळ्या वस्तीचा जीव नकोसा केला. डोस्कं धरून बसायची. शेरडांवर वरडायची, कुत्र्यावर वरडायची, बाभळीवर बी वरडली एकदा, सावली नीट पाडत न्हाई म्हणून. मग सकाळी माझ्या चुलीफुडं येऊन बसाय लागली. म्या च्या उकळाय ठेवला की नाक फुडं.

म्हणली, "हरणे, वास घेतल्यानं मोडतंय का गं?"

म्या म्हणलं, "आक्का, तुमी बिरोबाला तोंडाचं बोललाय. नाकाचं कुठं बोललाय?"

"तसंच," ती म्हणली, आन असा एक वास वढला की मला वाटलं पातेल्यातला च्या कमी झाला.

तवापासनं लढाई तिच्या घरातली झाली. सकाळी डोळा उघडला की आदी नात. "पल्लवे, थांबली का?" पल्लवी मोबाईल बघायची. "न्हाई आज्जी." "बरं. आण मग ताक." पल्लवी म्हंजे केरबाची लेक, तुझी ताई, वाचणाऱ्याला म्हाईत न्हाई ते, लिव. रोज संध्याकाळी बातम्या. आक्काला वाचता येत न्हाई, पर त्या देशात बरफ कवा पडतंय, गहू कवा निघतोय, तोंडपाठ. टँक दाखवला की तोंड फिरवायची. "बंदुका दाखवत्यात, इमानं दाखवत्यात. शेरडं कोण दाखवत न्हाई, मुडदा बशिवला ह्यांचा." एकदा कोपऱ्यात कुठंतरी एक गाय दिसली, तर "थांब थांब, मागं घे, मागं घे," म्हणून रिमोट हिसकावला. बातम्या मागं जात न्हाईत म्हणल्यावर रुसली.

पर शिवांजली, हसण्यावारी जाणारं हे पल्लवीच्या लग्नाशी येऊन अडलं बघ.

आपल्यात रीत हाय. पोराकडची माणसं पोरगी बघून गेली, पसंत पडली, की मग पोरीच्या घरातली थोरली बाई पोराचं घर बघाय जाती. तिथं च्या येतो. थोरलीनं च्या घेतला म्हंजे सोयरीक पक्की. नुसतं पाणी पिऊन उठली म्हंजे पोरगी देत न्हाई. तोंडानं न्हाई म्हणायला लागू नये, कुणाचं मन मोडू नये, म्हणून जुन्या माणसांनी घातलेली रीत. आता थोरली कोण? बनुआक्का!

पयलं स्थळ विट्याकडचं. चांगली माणसं. च्या आला. आक्कानं कप बाजूला सारला. केरबानं डोळं मिटलं. पोराची आई म्हणली, "का वो, आमच्या घरात काय खोट दिसली?"

आक्का म्हणली, "तुमचं घर लय ग्वाड हाय बाई. पर युक्रेनात लढाई चालू हाय न्हवं."

त्या बाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं केरबाकडं बघितलं. केरबानं छताकडं. आठवड्यात निरोप आला, पोरगी चांगली हाय, पर घरात डोक्याची भानगड दिसती. झालं! ही गोष्ट खटाव, आटपाडी, जत, समद्या पाव्हण्यारावळ्यांत. कुठं लगीनाला गेलं की लोकं विचारायची, "ती च्यावाली म्हातारी तुमच्याच घरची का?"

म्या म्हणलं, "आक्का, मी जाते पुढच्या बारीला. मी पिते च्या."

"मी मेले का अजून?" आक्का म्हणली. "मी मेल्यावर थोरली हो, मग पी बादलीनं."

मग ऋषिराजचं स्थळ आलं. कुपवाडात कारखान्यात लेथवर काम करतोय, उंच, निबार, हसला की गालाला खळी. पल्लवीनं तोंडानं काय सांगितलं न्हाई, पर तो बघून गेल्यापास्नं ती दिवसातनं चारदा अंगण झाडाय लागली. आमाला कळलं. एक दिस येऊन आक्काच्या मांडीवर डोस्कं ठेवलं आन म्हणली, "आज्जी, मला हेच पायजे. तू काय बी कर."

आक्का तिच्या केसांतनं हात फिरवत ऱ्हायली. म्हणली, "बाळा, तुझ्यासाठी मी इष पिईन. पर च्या…" तवा म्या पयल्यांदा बघितलं, ही बाई खरंच अडकलीय. एकीकडं नात, एकीकडं बिरोबा. मधी लढाई. आन लढाई काय हिच्या हातात न्हाई.

केरबानं युक्ती काढली. "आये, नुसता ओठ लाव. गिळू नको. आन तिथं लढाईचं नाव काढलंस तर मी जीपमधनं उडी मारीन."

"बिरोबा काय आंधळा हाय व्हय रं?" आक्का म्हणली. पर जायचं तर ठरलं. परसाली, लढाईला तीन वरसं हुन गेलेली, चैत सरत आलेला, रैवार. पल्लवी घरी. जीपमधी केरबा, आक्का, मी, आन भाड्याचा डायवर. ऊन असं की भोसे गावापतुर माझ्या नथीचा चटका नाकाला. आन तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. पल्लवी! अशी किंचाळली की डायवरनं ब्रेक मारला.

"आज्जी! थांबली! लढाई थांबली! त्यांचा कसला सण हाय, आजच्या दिवस थांबवलीय!"

आगं काय सांगू! केरबा, ह्यो एवढा मिशीवाला बाप्या, जीपमधी उड्या मारतोय. डायवरला ना लढाई म्हाईत ना च्या, त्यो बी हॉर्न वाजवतोय. रस्त्याकडंची म्हसरं उधळली. मी आक्काला मिठी मारली तर तिचं पदरातलं पान-तंबाकू सगळं सांडलं. आन आक्का? तिनं बाटलीतलं पाणी घेतलं, खळखळून चूळ भरली, तोंड पुसलं, आन डायवरला विचारलं, "बाबा, कुपवाडकडची लोकं च्यात आलं घालत्यात का रं?"

पोचलो. घर बारकं, गल्लीतलं, पर मागं परड्यात शेरडं बांधलेली. आक्का आदी तिकडंच गेली, कास बघितली, दात बघितलं. ऋषिराजचा आजा तात्याबा, पांढऱ्या मिशा कानापतुर, जुना मेंढका, शिरस्त्याचा लय पक्का. गावात म्हणत्यात, तात्याबाच्या घरात बोका बी उजव्या पायानं आत येतो. त्यानं आमाला बशिवलं, आन खाकरून म्हणला, "आमाला तुमची पोरगी पसंत हाय. आता तुमी सांगा." आन आतनं च्या आला.

आलं घातलेला. दुधाचा. वर साय. आक्काचं नाक बघाय पायजे हुतं तू! तिनं कप उचलला, बशीत वतला, फुंकर घातली, बशी वर उचलली, ओठापतुर आणली. केरबा म्होरं सरकला. मी बी. आन आक्का थांबली.

"दादा," ती तात्याबाला म्हणली, "तुमचा टीव्ही चालतोय का? तेवढ्या बातम्या लावता का?"

"बातम्या?" तात्याबाच्या मिशा हालल्या. ऋषिराजनं लावला टीव्ही. आन तोच, त्योच कोटवाला! वरडतोय. म्या ऐकलं, ऋषिराजनं बी ऐकलं. सणासाठी थांबवलीय म्हणत्यात, पर हे म्हणत्यात त्यांनी गोळ्या घातल्या, ते म्हणत्यात ह्यांनी. दोनी बाजू दुसऱ्याकडं बोट दाखवत्यात. आक्काची बशी हवेत. केरबा दातावर दात ठिवून म्हणला, "आये, पी."

आक्कानं बशी खाली ठेवली. केरबाचं तोंड असं झालं, जणू लांडग्यानं कळपातनं बकरू नेलं.

तात्याबा म्हणला, "का बाई? गोडी कमी हाय?"

"गोडी हाय दादा. मी तुमाला सगळं सांगते. मग तुमाला वाटलं म्हातारी येडी हाय, तर मी पाणी पिऊन उठते, पर पोरीला माझ्यामुळं नाव ठेवू नका." आन तिनं सांगितलं. पूल, म्हातारी, कानावर काळा ठिपका, भंडारा, सगळं. आन मग अशी एक गोष्ट सांगितली जी मला बी म्हाईत नव्हती, मी जाऊ असून!

म्हणली, "केरबा पोटात हुता तवा. आमी खाली उतरत हुतो, वढ्याला पाणी आलेलं, वर लाकडाची साकवी, बारका पूल. मेंढरं गेली म्होरं, माणसं गेली, आन माझं एक शेरडू साकवीवर पाय टाकंना. मी एकटी मागं. वढतीय, रडतीय. पलीकडनं एक बाई आली, कोण कुठली, बागायतदाराची. आमाला त्ये लोक रानातनं हाकलायचे. पर ती आली, शेरडू खांद्यावर घेतलं, माझा हात धरला, पलीकडं नेलं. दारात बशिवलं आन च्या दिला. तसला च्या मी परत प्याले न्हाई. आन त्या दिवशी टीव्हीवर त्या म्हातारीला बघितलं तवा माझ्या मनात आलं, हिच्या साकवीच्या पलीकडं कोण हाय का? हिला कोण च्या देणार? मग तोंडातनं निघून गेलं, मी बी पिणार न्हाई."



तात्याबानं मिशीला हात लावला. पंचायतीत बसल्यावाणी म्हणला, "बाई, मी मेंढका हाय. मेंढरं जाळीत आली, जाळीचं तोंड बांधलं, की आमी म्हणतो कळप बसला. एखादं बकरू भाईर वरडत असलं म्हणून कळप बसला न्हाई असं कोण म्हणत न्हाई. लढाई आज थांबलीच म्हणायची. घ्या च्या."

लय डोस्कं लावलं त्यानं! केरबा मान डोलवाय लागला, "बरोबर, एकदम बरोबर."

आक्का म्हणली, "दादा, खरं सांगा. एक बकरू भाईर वरडत असताना तुमाला कवा झोप लागलीय का?"

तात्याबानं हातातला कप खाली ठेवला. मग उठला आन तरातरा परड्यात गेला. केरबा मला म्हणला, "काकी, उठा, जीप लावाय सांगतो." ऋषिराजचं तोंड एवढंस झालं. म्या पाण्याचा तांब्या जवळ घेतला, रीत पुरी कराया.

तर तात्याबा परत आला, पटक्यानं डोळं पुसत, आन हसत! कसलं हसत, मिशा नाचत हुत्या. म्हणला, "न्हाई लागली. आयुष्यात एकदा बी न्हाई लागली!" आन सोताचा भरलेला कप घेतला, आत नेऊन पातेल्यात वतला, आन मोकळा कप आणून बशीवर पालथा मारला. टक्क!

"इहीणबाय, ह्या घरचा बी च्या आजपास्नं बंद. माझा तर बंदच. बिरोबाच्या नावानं. गूळ आणा गं! पोरगी दिली का न्हाई तेवढं सांगा."

"दिली," आक्का म्हणली. "च्या तेवढा ऱ्हायला."

ऋषिराज लाजत म्हणला, "आज्जा, मी तर सकाळी दोनदा प्यालो." तात्याबा म्हणला, "तू पी रं गड्या, तुला मशीन चालवायचीय, झोप लागली तर बोट जाईल." आन मग जे हसणं सुरू झालं! गूळ खातोय आन हसतोय, हसतोय आन गूळ सांडतोय. जीपमधी परत येताना केरबानं पल्लवीला फोन लावला आन सांगायला गेला, तर त्याला रडूच फुटलं. ती पोरगी तिकडं घाबरली, मोडलं म्हणून. मग म्या मोबाईल घेतला आन म्हणलं, "अंगण झाड बाई आता काय झाडायचं ते, पक्की झाली!"

लगीन थाटात झालं. फुडच्याच म्हैन्यात, भर वैशाखात, बेंजो लावून. थोरल्यांच्या पंगतीत मात्र च्या न्हाई, ताक. पावणी कुरकुर करत हुती, पर तात्याबा मांडवाच्या तोंडाला उभा. कोण काय बोललं की म्हणायचा, "लढाई थांबू द्या."

आता तात्याबाच्या गमज्या ऐक. बाप्याच तो, त्याला काय दम निघतोय! च्या सोडल्याच्या सातव्या दिवशी फोन. "इहीणबाय, डोस्कं फुटतंय वो." आक्का म्हणली, "वास घ्या." तवापासनं रोज सकाळी ह्यांचं फोनवर चालतं. "थांबली का?" "न्हाई." "तुमच्याकडं?" आवं, तुमच्याकडं-आमच्याकडं एकच लढाई हाय की! पर दोघं बी विचारणारच. परवा तर पल्लवीनं सांगितलं, आजा परड्यातली गवती च्याची पात उकळून पितोय आन म्हणतोय ह्यो च्या न्हाई, ह्ये गवात. आक्कानं दिवसभर फोन उचलला न्हाई. मग संध्याकाळी सोताच केला आन हळूच विचारलं, "कसं लागतंय त्ये?"

आन पल्लवीला दिवस गेल्यात. डोहाळं कशाचं लागावं? च्याचं! दोन घरांतल्या थोरल्यांचं तोंड चुकवून परड्यात शेरडामागं बसून पिती बिचारी. तिचं आपलं चालतं, तिनं कुठं काय बोललंय.

आक्काला आता एकाच गोष्टीचा राग येतो. टीव्हीवर त्या पुढाऱ्यांच्या बैठका दाखवत्यात न्हवं, लांबलचक मेज, दोनी बाजूला कोट. आन परत्येकाच्या म्होरं कप. आक्का बोट नाचवून म्हणती, "बघ हरणे, बघ! पिऊन उठत्यात आन ठरवत काईच न्हाईत! आमच्यात थोरल्यानं घोट घेतला की व्हय असतंय. ह्यांच्यात रीतच न्हाई. कशाला लढाई थांबती!" आन तरी डोळं लावून बसती. कोणतरी कप खाली ठिवून व्हय म्हणंल म्हणून. बसू दे. कळप बसंस्तवर मेंढकीनं उभंच ऱ्हायचं असतं.

झालं लिवून? आता शेवटचं लिव, आन ठळक लिव. हे ज्यो कोण वाचंल, बाबा नायतर बाई, तुमचं कोण शिकायला, कामाला, बोटीवर, कुठं बी त्या मुलखाकडं असलं, तर माझा एवढा निरोप फुडं सरकवा. डोक्याला फडकं बांधलेली म्हातारी, पांढरं शेरडू, उजव्या… थांब, आक्काला विचारू दे. आक्का वो! कुठला कान? …डावा. डाव्या कानावर काळा ठिपका. भेटली तर तिला म्हणावं, माणदेशातल्या बनुबाईनं विचारलंय, शेरडू फळीवरनं पलीकडं गेलं का? आन लढाई थांबून घरी पोचलीस की कसं बी करून कळीव म्हणावं. आमी हिकडं दोन घरं पातेलं घासून बसलोय, तिचा निरोप आला की आधण ठेवतो.